कुत्र्याचा पट्टा अर्धा कापून बोक्याला चालेल का?

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही चिपळूणजवळ राहतो. घर जुनं आहे, मागे पडवी आणि गोठा. आमचा बोका भिकू चार वर्षांचा. दिवसभर बाहेर असतो, रात्री पडवीत पोत्यावर नाहीतर नातवाच्या अंथरुणात. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच्या अंगावर पिसवा झाल्या आहेत. सारखा खाजवतो, शेपटीच्या मुळाशी केस गेलेत. नातू अडीच वर्षांचा आहे, त्याच्या घोट्याभोवती लाल पुळ्या आल्यात. त्यात भर म्हणजे एका भटक्या मांजरीने माळ्यावर तीन पिल्लं घातलीत, ती महिन्याभराची असतील. मुलाने ऑनलाइन १९९ रुपयांचा हर्बल पट्टा मागवला. आठ महिने चालतो असं लिहिलं होतं. दहा दिवस झाले, काही फरक नाही. बाजारातला दुकानदार म्हणाला, कुत्र्याचा पट्टा घ्या आणि अर्धा कापून घाला, मांजर लहान, त्याला अर्धा पुरे. शेजारी म्हणतात, गोठ्यातलं गोचिडांचं औषध पाण्यात घालून फडक्याने पुसून घ्या. सून म्हणते, अमेरिकेत अशा पट्ट्यांनी जनावरं मेली, असलं काही घरात नकोच. मी कुणाचं ऐकू?

– एक आजी

काकू, नमस्कार.

पहिलं सांगते ते हे: कुत्र्याचा पट्टा आणून ठेवला असेल तर तो कापू नका, घालू नका. आणि गोठ्यातलं औषध बोक्याच्या जवळपासही नेऊ नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण या दोन गोष्टींत उशीर नको.

दुकानदाराचं म्हणणं ऐकायला पटण्यासारखं आहे. लहान जनावर, लहान मात्रा. पण मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. कितीतरी औषधं आपलं आणि कुत्र्याचं यकृत ज्या रीतीने मोडून शरीराबाहेर काढतं, ती रीत मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. म्हणून आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या पिसवांच्या कितीतरी औषधांत असणाऱ्या पर्मेथ्रिनचंही तेच. कुत्र्याला त्याने सहसा काही होत नाही. मांजराच्या शरीरातून ते लवकर निघत नाही आणि त्याच्या मज्जातंतूंना थरथर सुटते. इथे मात्रा अर्धी केली म्हणून विष अर्धं होत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच पावसाळ्यात रात्री साडेनऊला एक मुलगी टॉवेलात गुंडाळलेली मांजरी घेऊन दवाखान्यात आली. घरातल्या कुत्र्याच्या मानेवर सोडायचं औषध उरलं होतं, त्याचे चार थेंब दुपारी मांजरीलाही लावले होते. टॉवेल उघडला तेव्हा तिचे कान राहून राहून फडफडत होते, पाठीची कातडी आपोआप हलत होती आणि चारही पंजे तापल्या तव्यावर ठेवल्यासारखे उचलले जात होते. आम्ही भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन तिला दोनदा धुतलं, कोरडं केलं, ऊब दिली आणि स्नायू सैल करणारं औषध रात्रभर सुईवाटे देत राहिलो. पर्मेथ्रिनवर उतारा असा नाही. शरीराबाहेर जाईपर्यंत जनावराला सांभाळायचं, एवढंच हातात असतं. तिसऱ्या दिवशी तिने बांगड्याचा तुकडा खाल्ला. ती मुलगी त्या तीन दिवसांत माझ्याइतकीच झोपली नव्हती, आणि तिचा दोष एवढाच होता की बाटलीवरचं बारीक अक्षर तिला कुणी वाचायला सांगितलं नव्हतं.

ते बारीक अक्षर म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाकिटावरचं मांजराचं चित्र बघू नका, घटकाचं नाव बघा. नाव आणि त्याचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं नसेल तर तो पट्टा दुकानातच ठेवा. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांपैकी काही असेल तर मांजरासाठी नाही. शेजारी म्हणतात ती गोठ्यातली बाटली बघा, त्यावर बहुधा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन नाहीतर अमिट्राझ असेल. गाईम्हशींच्या गोचिडांना हीच औषधं लागतात आणि तिथे ती योग्यच आहेत. अमिट्राझ कुत्र्यांच्या गोचिडांनाही वापरतात, त्याचे पट्टेही येतात. मांजराला ते लागलं तर ते सुस्त पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात. आणि मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं हे तर तुम्ही रोज बघताच.

आपल्या दुकानांत कुत्र्यांचे जे पट्टे मिळतात, त्यांतल्या काहींत प्रोपॉक्सर नावाचं कीटकनाशक असतं. मांजराला ते त्रासाचं आहेच, पण तुमच्या घरात आणखी एक कारण आहे. अमेरिकेत २०१४ साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपन्यांशी करार करून जनावरांच्या गळ्यातले प्रोपॉक्सरचे पट्टे बंद करायला लावले, ते लहान मुलांसाठी. मूल जनावराला कुरवाळतं, गळ्याशी हात नेतं, मग तोच हात तोंडात घालतं. अडीच वर्षांचा नातू आणि त्याच्याच अंथरुणात झोपणारा बोका, तुमचं घर डोळ्यांपुढे आणलं की मला तेच दिसतं.

आता हर्बल पट्टा. तो आजच काढा. १९९ रुपये गेले, जाऊ द्या. सिट्रोनेला, निलगिरी, टी ट्री यांची तेलं जिरवलेली असतात त्यात. वासाने पिसू दूर पळेल ही कल्पना चांगली आहे, पण अंगावर बसलेली, रक्त पिणारी पिसू वासाने मरत नाही. तुम्ही दहा दिवस बघितलंतच. ‘हर्बल’ म्हणजे निर्धोक असंही नाही. टी ट्रीचं तेल मांजराला बाधतं. कडुनिंबाचं तेल चोळू नका, लसूण खाऊ घालू नका, पोत्याखाली डांबराच्या गोळ्या टाकू नका. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे मायेपोटीच केल्या जातात आणि तिन्हींनी मांजरं आजारी पडलेली आहेत. फरशी पुसायच्या फिनाईलचंही तसंच. फरशी ओली असताना भिकू त्यावरून चालला आणि मग पंजे चाटत बसला तर ते पोटात जातं. पाण्यातलं प्रमाण कमी ठेवा आणि फरशी वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवा.

मग चालणारा पट्टा असतो की नाही? असतो. मांजरांसाठी तपासलेला आणि जगभर वापरात असलेला पट्टा म्हणजे इमिडाक्लोप्रिड १० टक्के आणि फ्लुमेथ्रिन ४.५ टक्के असलेला. सेरेस्टो या नावाने तो विकला जातो. दहा आठवड्यांच्या वरच्या मांजराला घालता येतो आणि आठ महिन्यांपर्यंत काम करतो. जुने पट्टे मानेभोवती औषधाची वाफ सोडायचे, त्यामुळे मान बरी आणि शेपटीशी पिसवा तशाच. या पट्ट्यातून औषध अगदी थोडं थोडं बाहेर येतं आणि कातडीच्या तेलकट थरातून सगळ्या अंगावर पसरतं. फ्लुमेथ्रिन हे पर्मेथ्रिनच्याच कुळातलं, त्यामुळे नाव वाचून तुम्ही दचकाल. पण रेणू वेगळा आहे, मात्रा फार कमी आहे, आणि या पट्ट्यात ते मांजरांवर तपासून मान्य झालेलं आहे. हे सगळं ‘मेथ्रिन’ शेवट असलेल्या कुठल्याही दुसऱ्या वस्तूला लागू करू नका.

तुमच्या सूनबाईंनी वाचलंय ते याच पट्ट्याबद्दल. तिचं घाबरणं अगदी रास्त आहे, तिला उडवून लावू नका. २०२१ मध्ये अमेरिकेत बातमी आली की हा पट्टा घातलेली सुमारे १७०० जनावरं दगावल्याच्या नोंदी सरकारकडे आहेत. नोंद म्हणजे पट्टा घातला होता आणि जनावर गेलं, एवढंच. कारण तोच होता असं नव्हे, पण नव्हता असंही कुणी बघितलं नव्हतं. मग तिथल्या यंत्रणांनी नोंदी तपासल्या. बऱ्याच नोंदींत माहितीच अपुरी होती. दोन प्रकरणं वगळता मृत्यूचा पट्ट्याशी ठाम संबंध जोडता आला नाही, आणि त्या दोनांतही कारण औषध नव्हतं, पट्टा वेळेवर न सुटल्याने गळ्याला बसलेला फास किंवा इजा होती. जुलै २०२३ मध्ये पट्टा चालू ठेवायला परवानगी मिळाली, पण फक्त पाच वर्षांची, आणि वेष्टनावर धोक्याच्या सूचना वाढवण्याच्या अटीवर.

त्या दोन प्रकरणांकडे मी तुमचं लक्ष वेधते, कारण भिकू दिवसभर बाहेर असतो. कुंपणाची तार, फणसाची फांदी, गोठ्याच्या कौलाखालचा वासा, यात कुठेही पट्टा अडकू शकतो. म्हणून जोराचा हिसका बसल्यावर आपोआप सुटेल असाच पट्टा हवा. घातल्यावर पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. जास्त सैल ठेवलात तर मांजर चाटताना खालचा जबडा नाहीतर पुढचा पाय त्यात अडकवून घेतं. मी एकदा काखेत रुतलेला पट्टा कापून काढलाय, कातडीत बोटभर खोल गेला होता, आणि मालकांना केसांमुळे तो दिसलाच नव्हता. बक्कलच्या पुढे उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर तो ते चावत बसेल. आठवड्यातून एकदा पट्ट्याखाली बोट फिरवून बघा. कातडी लाल, ओली किंवा केस गेलेले दिसले तर काढा. घातल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत लाळ, उलटी, लटपट, थरथर यांपैकी काही दिसलं तर पट्टा काढायचा, अंग कोमट साबणपाण्याने धुवायचं आणि पाकिटासकट दवाखान्यात यायचं. पाकीट विसरू नका. त्यावरच्या नावाने आमचा अर्धा तास वाचतो.

या पट्ट्याच्या नकला फार निघाल्या आहेत. अमेरिकेत खरा पट्टा ६० डॉलरच्या आसपास जातो. तेव्हा कुणी दोन-तीनशे रुपयांत आठ महिन्यांचा म्हणून देत असेल तर त्यात काय भरलंय ते देवालाच ठाऊक. ओळखीच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

पण काकू, मला विचारलंत म्हणून माझं मन सांगते. भिकूसारख्या झाडावर चढणाऱ्या, आणि लहान मुलाला बिलगून झोपणाऱ्या बोक्याला मी पट्टा घालणार नाही. मानेमागे, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर महिन्यातून एकदा सोडायचं औषध मी निवडेन. सेलामेक्टिन असलेलं, नाहीतर मांजरांसाठी म्हणून बनवलेलं फिप्रोनिलचं. जागा वाळेपर्यंत नातवाला त्याच्यापासून दूर ठेवायचं, त्या रात्री अंथरूण वेगळं. गळ्यात अडकायला काही नाही, नातवाच्या हाताला सतत लागायला काही नाही. वजन करून मात्रा ठरते, म्हणून पहिल्या वेळी दवाखान्यात न्या. एक मात्र कटाक्षाने पाळा: एका वेळी एकच औषध. पट्टा घातला आणि फरक दिसेना म्हणून वरून थेंब, थेंबांवर पावडर, असं करून आलेली मांजरं पिसवांनी नाही, औषधांनी आजारी असतात.

आणि फरक लगेच दिसणारही नाही. याचं कारण कळलं तर तुमचा धीर सुटणार नाही. भिकूच्या अंगावर दिसतात त्या पिसवा घरातल्या एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश होऊन घरात पसरलेल्या असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती केसांना चिकटून राहत नाहीत, बोका उडी मारेल तिथे खाली सांडतात. पोत्यावर, गोधडीत, लादीच्या फटीत, पडवीच्या कोपऱ्यातल्या धुळीत. अळी उजेडापासून पळते आणि हवेत ओल असेल तरच जगते. कोकणातला आषाढ-श्रावण तिला मानवतो, म्हणूनच पाऊस लागल्यावर तुमच्याकडे पिसवा दिसायला लागल्या. सगळं जमून आलं तर दोन-तीन आठवड्यांत अंड्याची पिसू होते. नाही जमलं तर ती कोशात महिनोन्‌महिने थांबते, आणि कोशात कुठलंच औषध पोचत नाही. कुणी जवळून चाललं, जमीन हादरली, अंगाची ऊब लागली की ती बाहेर उडी मारते. नातवाच्या घोट्यावरच्या पुळ्या तिथल्याच आहेत. तो जमिनीवर खेळतो, त्या खालून येतात.

तेव्हा भिकूच्या पोत्यापासून सुरुवात करा. ते पोतं जाळून टाका. त्याला जुनी चादर द्या आणि ती दर आठवड्याला कढत पाण्यात भिजवून धुवा. नातवाची गोधडी, उशीचे अभ्रे, तेही. ऊन नाही म्हणून चिंता करू नका, वाळल्यावर गरम इस्त्री फिरवा. झाडू मारताना कोपरे आणि पलंगाखाली जास्त वेळ द्या, केर लगेच घराबाहेर न्या. कुणाकडून व्हॅक्युम क्लीनर मिळाला तर फार उत्तम, त्याच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवाही बाहेर येतात आणि ओढल्या जातात. दोन-तीन महिने हे चालवावं लागेल. कीटकनाशक मारणारा माणूस बोलावलात तर त्याला आधी सांगा की घरात मांजर आणि मूल आहे, आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत दोघांनाही शेजाऱ्यांच्या घरी ठेवा. गोठ्यात वासरू किंवा करडं असतील तर त्यांच्या पोटाखाली बघा. मांजराची पिसू त्यांच्यावरही राहते.

औषध लागू पडतंय का हे ओळखायची एक सोपी रीत आहे. बारीक दातांची फणी घ्या, डोक्यातल्या उवांची चालते. भिकूला पांढऱ्या कागदावर उभा करून शेपटीच्या मुळापासून विंचरा. मिरपुडीसारखे काळे कण पडतील. त्यावर ओला कापूस दाबा. कापसावर तांबूस-तपकिरी डाग उमटला तर ते भिकूचं पचलेलं रक्त आहे, पिसवांची विष्ठा. डाग उमटला नाही तर ती नुसती धूळ. दर रविवारी हे करा आणि कागदावरचे कण कमी होत जाताना तुम्हाला स्वतःला दिसतील.

त्याच्या शेपटीखाली किंवा चादरीवर तांदळाच्या दाण्यासारखं काही हलताना दिसलं तर घाबरू नका, तो टेपवर्म नावाच्या जंताचा तुकडा. चाटताना पिसू गिळली की हा जंत पोटात जातो. जंताची गोळी द्यावी लागेल, आणि पिसवा संपल्याशिवाय तो परत परत येईल. नातवाच्या पुळ्या पिकल्या किंवा त्याच्या शीमध्ये तसलं काही दिसलं तर मुलांच्या डॉक्टरांना पिसवांचं सांगा.

आता माळ्यावरची पिल्लं. तुम्ही त्यांचा उल्लेख जाता जाता केलात, पण मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांची वाटते. महिन्याच्या पिल्लाला कुठलाही पट्टा चालत नाही, आणि सेलामेक्टिनलाही ती अजून लहान आहेत. पण त्यांच्या अंगात रक्तच मुळात इतकं थोडं की पिसवा फार झाल्या तर तेवढ्यानेही ती दगावू शकतात. रोज दोनदा फणी फिरवा आणि फणीला लागलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. एखादं पिल्लू फारच भरलेलं असेल तर कोमट पाण्यात साध्या बेबी शॅम्पूने धुवा, मानेभोवती आधी फेस करा म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत, आणि धुतल्यावर लगेच पुसून कुशीत धरून सुकवा. थंडी लागली तर पिल्लू त्यानेच जाईल. इतक्या लहान वयात चालणारा फिप्रोनिलचा फवारा असतो, पण तो दवाखान्यात, वजन करून. त्यांच्या आईला मात्र मानेवरचं औषध हवं. अंगावर पाजणाऱ्या मांजरीला चालेल असं कोणतं ते डॉक्टरांना विचारा.

उद्या सकाळी उजेडात प्रत्येक पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असेल तर फणीचं काम चालू ठेवा. पांढरट, मेणासारखी दिसली, किंवा एखादं पिल्लू दूध प्यायला उठत नसेल, तर भिकूचं औषध, चादर, पोतं सगळं बाजूला ठेवा आणि पिल्लाला फडक्यात गुंडाळून त्याच सकाळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.